अडचण: निरंक

त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता दिवाळीची तिकिटं सुटणार होती आणि पूर्णिमा पहाटे पाचपासून टक्क जागी होती. आपल्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तू इतकी उतावीळ नव्हतीस, असं तिच्या नवऱ्याने ऐकवलं आणि तो कामावर निघून गेला. तिला राग आला नाही. खरंच होतं ते.

पुण्यातून दिवाळीला गावी जाणं काय असतं, हे ज्याचं गाव लांब आहे त्यालाच विचारावं. 'चंद्रकोर ट्रॅव्हल्स'ची तिकिटं खुली झाली की अख्खं शहर मोबाइलवर तुटून पडायचं. गेल्या वर्षी अकरा वाजून तीन मिनिटांनी त्यांची वेबसाइट जी झोपली, ती थेट तीन वाजता उठली. यंदा ती सांभाळायचं काम पूर्णिमाच्या टीमकडे आलं होतं.

टीम म्हणजे चार माणसं, चार गावांत. पूर्णिमा पुण्यात मांजरीला, वल्लरी सावंतवाडीला, रतन धाराशिवला आणि दशरथ वाशिमला. चौघांनी एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नव्हतं. कंपनीचे अभय सर हडपसरच्या ऑफिसात बसत आणि त्यांना हा प्रकार मुळातच मान्य नव्हता. "घरी बसून काम होत नाही," ते म्हणायचे, "घरी बसून फक्त घरी बसता येतं." या वेळी त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, की दिवाळीच्या बुकिंगला साइट बंद पडली, तर एक तारखेपासून सगळे हडपसरला, माझ्या डोळ्यांसमोर.

वल्लरी आली असती, रतनही कुरकुरत आला असता. दशरथ येणार नव्हता. त्याच्या आईला, चंद्रभागाबाईंना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला होता आणि त्यांचं सगळं तोच करायचा. त्याला हडपसरला बोलावणं म्हणजे त्याची नोकरी घालवणं. तो हे एका अक्षराने बोलला नव्हता. पूर्णिमाने मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं, की दशरथभाऊ वाशिमलाच राहणार.

आता या पूर्णिमाने काय करून ठेवलं होतं, तेही सांगायला हवं.

पूर्वी रोज साडेनऊला चौघांचा कॉल व्हायचा आणि त्यातली पहिली पंधरा मिनिटं नुसत्या गप्पांत जायची. कोणाकडे नाश्त्याला काय, कोणाच्या गल्लीत काय. दशरथच्या मागून चंद्रभागाबाई खाटेवरूनच ओरडून विचारायच्या, "काय खाल्लं व पोरीहो?" तीन महिन्यांपूर्वी पूर्णिमा टीमची प्रमुख झाली. लांब बसलेली माणसं कशी चालवावीत याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली आणि आल्या आल्या तिने गप्पांवर फुली मारली. त्याऐवजी रोज सकाळी भरायचा एक तक्ता आला. तीन रकाने: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय.

रतनचे वडील तहसील कचेरीत कारकून होते. त्याने पहिल्याच दिवशी तिसऱ्या रकान्यात सरकारी थाटात लिहिलं, 'निरंक', म्हणजे काही नाही. इतरांना शब्द आवडला. बासष्ट दिवस झाले, चौघांच्याही तिसऱ्या रकान्यात निरंक. पूर्णिमाने तो तक्ता अभय सरांना मोठ्या अभिमानाने दाखवला होता. टीमला अडचणच नाही! त्या गुरुवारी सकाळीही तिने स्वतःच्या नावापुढे निरंक लिहिलं आणि खाण्याचं भानही न ठेवता लॅपटॉपसमोर बसली.

साडेदहाला लाइट गेली.

गुरुवारी दुरुस्तीसाठी मांजरीतली लाइट जाते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. गणपती आणि नवरात्रात गेली नव्हती, म्हणून ही बाई विसरली. घरात इन्व्हर्टर होता, लॅपटॉप भरलेला होता. पण इंटरनेटची पेटी जिन्यात होती, सोसायटीच्या लाइटवर. पेटीवरचे हिरवे ठिपके विझले आणि पूर्णिमाच्या तोंडचं पाणी पळालं. मोबाइलवर बोलता येत होतं, पण नेट म्हणून काही येईना. आजूबाजूच्या सगळ्या इमारतींनी एकदमच मोबाइलचं नेट सुरू केलं असणार.

लॅपटॉप काखोटीला मारून ती पाच मजले धडाधडा उतरली. गेटवर वॉचमन उत्तरेश्वर खुर्चीत मोबाइल घेऊन बसला होता.

"रिक्षा मिळेल का हो? हडपसरला जायचंय."

"मिळंल की. पर फाट्यावर जाम हाय ताई. बारा वाजतील."

तिथेच, गेटच्या कट्ट्यावर बसून तिने वल्लरीला फोन लावला आणि बासष्ट दिवसांत पहिल्यांदा म्हणाली, "वल्लरी, मला अडचण आहे गं."

"लाइट गेली ना?" वल्लरी म्हणाली. "साडेदहा ते साडेबारा. आम्ही धरूनच चाललोय, ताई. थांबा, सगळ्यांना घेते."

फोनवर रतन आला, दशरथ आला. आणि पूर्णिमाला कळलं ते असं, की गप्पा बंद झाल्याच नव्हत्या. तिघांचा 'पोहे' नावाचा एक ग्रुप होता. रोज सकाळी तिथे नाश्ता लिहिला जायचा आणि नाश्त्याबरोबर बाकी सगळं. वाशिमची लाइट मंगळवारी जाते, धाराशिवची शुक्रवारी, सावंतवाडीत वारा सुटला की जाते. म्हणून वल्लरी आज आत्याकडे, इन्व्हर्टर असलेल्या घरात जाऊन बसली होती. कोणी कधी कोणाचं काम उचलायचं, हे सगळं त्यांनी आपसात लावून ठेवलं होतं.

"पण मांजरीचा गुरुवार तुम्हाला कसा माहीत?"

"तुम्हीच सांगायचात की," दशरथ म्हणाला. "गुरुवारी लाइट नाही, मिक्सर आधी लावून घेते म्हणून."

"मग मला आठवण का नाही केलीत?"

रतन हळूच म्हणाला, "त्याला रकाना नव्हता, ताई."

ते तिला चांगलंच झोंबलं. आपल्याला त्या ग्रुपात घेतलं नाही, याचं वाईट वाटलं, आणि का घेतलं नाही हे कळत होतं, त्याचं जास्त. पण रडायला वेळ नव्हता. पावणेअकरा झाले होते.

एक गोष्ट मात्र त्या तिघांच्या हातात नव्हती. गर्दी वाढली की एसटी जादा गाड्या सोडते, तसे साइटला जादा सर्व्हर जोडावे लागतात, आणि ते जोडायचं बटण फक्त पूर्णिमाकडे होतं. पुण्याबाहेर कोणाला ते द्यायचं नाही, ही अभय सरांची ताकीद होती. ते बटण या घटकेला तिच्या मांडीवर, नेट नसलेल्या लॅपटॉपमध्ये पडून होतं.

तिने उत्तरेश्वरच्या मोबाइलकडे पाहिलं. त्याच्यावर चित्र हलत होतं.

"तुमचं नेट चालतंय?"

"माझी कंपनी दुसरी हाय."

"मला द्या ना जरा. लॅपटॉपला जोडते."

उत्तरेश्वरने मोबाइल छातीशी धरला. "आज न्हाई, ताई. अकराला चंद्रकोरचं बुकिंग सुटतंय. परळीला दोन दिवाळ्या गेलो न्हाई. गेल्या साली चार घंटे निस्ता गोल गोल चक्कर बघत बसलो. आज फोन हातातनं सोडत नसतो."

आपणच ती चंद्रकोर, हे त्याला सांगावं की न सांगावं, असं तिला झालं. तिने सांगितलं. त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घरातल्या चपला, केसांचा अंबाडा, मांडीवर बंद लॅपटॉप.

"मग कठीण हाय," तो म्हणाला. "दोन मिनटं देतो. घड्याळ लावून."

दोन मिनिटांत एकच काम होणार होतं. अकराला ती स्वतः तर बटणापाशी असणार नव्हती. तिने टीमची यादी उघडली. पान उघडेपर्यंत पन्नास सेकंद गेले. 'ताबा कोणाकडे द्यायचा?' खाली तीन नावं. तिला अभय सरांचा चेहरा दिसला, आणि मग त्या माणसांनी तिच्या पाठीमागे, तिलाही न सांगता, तिच्या गुरुवारची सोय करून ठेवली होती ते आठवलं. तिने दशरथच्या नावावर बोट दाबलं.

"झालं दोन मिनटं," उत्तरेश्वर म्हणाला.

"दशरथभाऊ, आलं का तुमच्याकडे?"

"आलं." दशरथ म्हणाला. "ताई, मी विचारून विचारून करतो."

"मला इथून काही दिसत नाही. विचारायचं नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा सोडा."

अकरा वाजले. आणि मग जी मजा सुरू झाली! एका कानाला फोन, समोर उत्तरेश्वरच्या हातातला मोबाइल, आणि दोघांची डोकी त्यावर वाकलेली. फोनमधून रतन आकडे ओरडत होता. "चार हजार! नऊ हजार! ताई, एकोणीस हजार माणसं!" मोबाइलवर गोल चक्कर फिरू लागलं आणि उत्तरेश्वर कण्हला, "झालं. आलं तेच."

'सोडा सर्व्हर' हे शब्द पूर्णिमाच्या ओठांपर्यंत आले होते. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"सोडतोय," दशरथ शांतपणे म्हणाला. "पहिले चार."

चक्कर थांबलं. पान उघडलं. पुणे ते परळी, जागा बावीस.

अकरा तीन झाले. अकरा चार झाले. "पैसे भरायच्या पानावर गर्दी अडलीय," वल्लरी ओरडली, "मी वळवते, दशरथभाऊ, अजून दोन द्या!" "दिले!" आणि इकडे उत्तरेश्वर बोट हवेत धरून विचार करत होता. "सतरा घ्यावी का अठरा? सतरा चाकावर येते."

"अहो घ्या ना कुठली तरी!" पूर्णिमा किंचाळली.

त्याने अठरा घेतली. मोबाइल टिणटिणला. तिकिटाचं पान आलं, त्यावर त्याचं नाव आणि तारीख. तो खुर्चीतून उठला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि सबंध सोसायटीला ऐकू जाईल असा ओरडला, "मिळालं! परळी मिळालं!" पूर्णिमाने गेटपाशी, घरातल्या चपलांवर, चक्क उडी मारली. फोनमध्ये तीन गावं एकदम ओरडत होती.

साडेअकराला सगळ्या गाड्या भरल्या. साइट एक क्षणही झोपली नव्हती. पाठोपाठ अभय सरांचा फोन आला.

"चालली म्हणायची," ते म्हणाले. "ताबा वाशिमला दिसतोय."

"हो सर. मी दिला. माझी लाइट गेली होती."

"तुमच्या तक्त्यात तर अडचण निरंक आहे."

"ते मी खोटं लिहिलं होतं, सर."

"बरं," ते म्हणाले. "मग ताबा राहू दे तिकडेच. आणि एक तारखेला कोणी येऊ नका. इथे तेवढ्या खुर्च्या कोणाकडे आहेत?"

तिने पुन्हा तिघांना जोडलं आणि सांगितलं. वल्लरी आणि रतन एकदमच बोलायला लागले. दशरथकडून फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, मग खाट कुरकुरली, आणि तीन महिन्यांनी तो ओळखीचा आवाज अगदी जवळून आला.

"पूर्णिमा व्हय? कुठं व्हतीस व पोरी इतके दिवस? खाल्लं का काही?"

"हो आजी, झालं," असं सवयीने तिच्या तोंडात आलंच होतं. तिने ते गिळलं.

"नाही, आजी," ती म्हणाली. "पहाटेपासून काहीच नाही खाल्लं. फार भूक लागलीय."

"काऊन सांगत नाही मंग?" चंद्रभागाबाई कडाडल्या. "जाय, आधी खाऊन घे."