खिशातलं गाणं

पक्षी दाखवणाऱ्या काकांनी अख्खी हयात पाखरांच्या नादात घालवली होती. घरट्यापाशी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा नाही, असा दम तेच सगळ्यांना भरायचे. पण आज पाहुणे हात हलवत परत जातील, या धास्तीने त्यांनी स्वतःच हळूच नाचण पक्ष्याचं गाणं लावलं. दुसरा नर घुसला असं वाटून घरट्यावरचा नाचण तावातावाने धावून आला. पाहुण्यांचे कॅमेरे खटाखट वाजू लागले. तेवढ्यात मागे कावळ्याने घरट्यातलं पिल्लू उचललं. ते एकट्या काकांनी पाहिलं.

“काका, केवढा जीव आहे हो तुमचा पाखरांवर!” एक पाहुणीबाई म्हणाल्या.

काकांची मान वर होईना. नाचण अजूनही फांदीफांदीवर आपला वैरी शोधत होता, आणि काकांच्या खिशात गाणं चालूच होतं.