सुटली म्हणा

मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची, मोठी, पितळी मुठीची. खरे सांगायचे तर आता मला फार बोलायचा कंटाळा येतो. पण मित्रांनो, तुम्ही विचारलेच आहे, तर सांगते.

मेरठच्या एका लोहाराने मला घडवले. तिथून फिरत फिरत मी आर्वीला, दौलतरावांच्या शिलाईच्या दुकानात आले. तेव्हा बेलबॉटमचे दिवस होते आणि दुकानात पाय ठेवायला जागा नसे. दौलतरावांनी मला चंद्रभानच्या हाती दिले. चंद्रभान जवळच्याच रोहणा गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. टेप कसा धरायचा इथपासून शिकवून दौलतरावांनीच त्याला कटिंग मास्तर केले होते. त्याचा अंगठा माझ्या कडीत शिरला की मला किती बरे वाटे! "चंद्रभानच्या हातची पँट" असे लोक कौतुकाने म्हणत, आणि मी उगीचच मिरवत असे. मिरवायची हौस तेव्हा होती.

दसऱ्याला दुकानातल्या सगळ्या अवजारांची पूजा होई. एका दसऱ्याला मला हळदकुंकू वाहून झाल्यावर दौलतराव म्हणाले, "चंद्रभान, कात्रीवर हात ठेव. शपथ घे, या तालुक्यात दुसऱ्याच्या दुकानात कापड कापणार नाई, अन् सोताचं दुकानबी टाकणार नाई."

"काऊन मालक? मी कुठं चाललो?"

"तुले सारं शिकवलं मी. उद्या तू दुसरीकडं गेला, तं गिऱ्हाईक तुह्यामागंच जाईन. मंग मी काय करू?"

त्यांची भीती खोटी नव्हती, हे मी मान्य करते. चंद्रभानने हसत हसत माझ्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. मात्र चंद्रभानला कामावर ठेवीनच, अशी शपथ दौलतरावांनी काही घेतली नाही. हे मला तेव्हा सुचले नाही. सुचून तरी मी काय करणार होते म्हणा!

पुढे दौलतरावांचा भाचा नागपूरला काम शिकून आला. कटिंगचे टेबल त्याला मिळाले आणि चंद्रभानच्या वाट्याला काज-बटन आले. भाच्याने माझ्याकडून कागद कापून घेतला, पुठ्ठा कापून घेतला, एकदा तर तारसुद्धा. माझी धार गेली. चंद्रभान कोपऱ्यातून बघे आणि मान खाली घाली. शेवटी एक दिवस तो आलाच नाही.

रस्त्यापलीकडे बबनरावांनी नवे दुकान थाटले होते. ते स्वतः रोहण्याला जाऊन चंद्रभानला बोलावून आले, पण तो नाही म्हणाला. म्हाताऱ्या आईला सोडून दूर जाता येईना, आणि जवळपास काम करायचे तर कात्रीवर हात ठेवलेला. मग त्याने भाजीच्या वाडीत कुदळ धरली. हे सगळे मला त्याच्या बायकोकडून, वच्छलाकडून कळले. ती दुकानात आली होती.

"भाऊजी, एकडाव 'सुटली' म्हणा," ती दौलतरावांना म्हणाली. "बाकी काही मांगत नाई मी."

आपल्याकडे शपथ अशीच सुटते, नाही का? ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हणायचे, की झाले. दौलतराव कापडाची घडी घालत राहिले.

"बबनरावाच्या दुकानासाठी मास्तर केलं का मी त्याले?"

"शिकवलं तुमी, हे आमच्या घरी कोणी इसरलं नाई. पण हात तं त्याईचेच हायेत न, भाऊजी?"

दौलतरावांनी दुसरे कापड घडी घालायला ओढले. वच्छला निघून गेली. त्यानंतर मी गल्ल्याखालच्या खणात पडले ती पडलेच. गंज चढला. बाहेर तयार कपड्यांची दुकाने आली, गर्दी आटली, भाचा नागपूरला परत गेला. दौलतराव थकले. दुकान बंद करायच्या दिवशी त्यांनी मला बाहेर काढले, घासूनपुसून धार लावून आणली आणि चंद्रभानला बोलावणे धाडले.

"घे," ते म्हणाले. "सुटली. लई उशीर केला मी. बबनरावाकडं शाळेच्या ड्रेसचं काम हाये, तो मास्तर पाहून राह्यला. जाय त्याच्याकडं."

चंद्रभानने मला हातात घेतले. इतक्या वर्षांनी! माझा आनंद गगनात मावेना. पण त्याचा अंगठा कडीत जाईना. कुदळीने बोटे जाड झाली होती, पेरे सुजून टणक झाली होती. त्याने तेल लावून पाहिले, जोर करून पाहिला. कापड समोरच अंथरले होते.

"ऱ्हाऊ द्या, मालक," तो म्हणाला. दौलतरावांना रडू आवरेना.

आता मी रोहण्याला असते. मेथीच्या जुड्या बांधायची सुतळी वच्छला माझ्याने कापते, माझ्या कड्या दोन्ही हातांनी धरून. चंद्रभान तेव्हा दुसरीकडे बघतो.

मित्रांनो, मला कोरडे ठेवा, तेल द्या, असे मी सांगायला हवे. पण माझे आता काय राहिले आहे? मागणे एवढेच आहे. खेळताना तुम्ही एकमेकांना शपथा घालता आणि घरी जायच्या आधी 'सुटली' म्हणून टाकता. मोठे होऊन कुणाला काम शिकवाल, तेव्हाही वेळेवर म्हणा. माझी गेलेली धार परत लावता आली. चंद्रभानचा अंगठा मात्र माझ्या कडीत पुन्हा गेला नाही.