कुशीवर

ठमीच्या हातातला रंगाचा ब्रश गळून पडला आणि पाठोपाठ ती खुर्चीवरून खाली घसरली. तिच्या आईने तिला फरशीवर निजवून घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा.

सहा वर्षांच्या ठमीला झटके नवे नव्हते. जन्मजात दोष, एका जनुकातला. ताप चढला की झटका ठरलेला. दोन-तीन मिनिटांत तो ओसरे. पाचाच्या वर गेला, तर नाकात औषधाचा फवारा मारायचा. तरी थांबला नाही, तर दवाखाना गाठायचा. हे आईला तोंडपाठ होतं. सासूबाईंचं वाक्यही तसंच पाठ होतं: "आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही." झटका आला की त्या आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेत.

तीन चौदा. फवारा कपाटात होता, आणि कुशीवर वळवलेली ठमी आचक्यांसरशी पुन्हा पुन्हा उताणी होत होती.

"आई, जरा येता का?" तिने सासूबाईंना हाक मारली.

सासूबाई आल्या. खाली बसल्या. ठमीचा वरचा गुडघा दुमडून त्यांनी पुढे टेकवला, हनुवटी किंचित उचलली, पदराने लाळ टिपली. ठमी उलथायची थांबली.

"आण तू फवारा. मी धरलंय."

त्यांचे हात जराही थरथरत नव्हते. ते पाहत सून क्षणभर तिथेच उभी राहिली, मग कपाटाकडे धावली.

फवाऱ्याने भागलं नाही. झटका थांबला तो दवाखान्यात, इंजेक्शननंतर, सदतिसाव्या मिनिटाला. तोवर नवराही छापखान्यातून धापा टाकत पोचला होता.

"दोन्हीकडच्या घरांत कुणाला असा त्रास होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," सून सवयीने म्हणाली.

"याला होता." सासूबाई मुलाकडे न बघता बोलल्या. "पाच वर्षांचा होईपर्यंत. मग आपोआप थांबलं."

"मला?"

"तुला काय आठवणार!"

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. "मग तुमचंही रक्त तपासू," त्या त्याला म्हणाल्या आणि आत गेल्या. तोही त्यांच्यामागे गेला.

बाहेर दोघीच उरल्या. सहा वर्षं ऐकलेल्या बोलण्याचं उत्तर सुनेच्या ओठांवर येऊन थांबलं होतं.

"तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं?" तिने विचारलं.

"कोण असणार? त्याला आत घेऊन दार लावून घ्यायचे मी."

सुनेने बाकावर थोडं सरकून जागा केली. सासूबाई बराच वेळ उभ्याच राहिल्या.