अठरा फुटांची तुळई

मी मिस्त्रींना बजावलं होतं, तुळई एकच हवी. अठरा फूट, मधे सांधा नको. ते म्हणाले, "आई, एवढं लांब लाकूड मिळायचं नाही. दोन तुकडे जोडून देतो, कुणाला कळणारसुद्धा नाही." म्हटलं, मला कळेल ना! शेवटी आणलं बिचाऱ्यांनी कुठून तरी.

घराचे दोन भाग होऊन सहा वर्षं झाली. डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा. मी सकाळी याच्याकडे जेवते, संध्याकाळी त्याच्याकडे; दोन्हीकडे पाहुणीच म्हणा. मागचं अंगण तेवढं दोघांचं एक राहिलं होतं. तिथं लाकडी पडवी घालू, दोन बाकं टाकू, सुट्टीच्या दिवशी तरी सगळे एकत्र जेवू, एवढीच माझी हौस. महिनाभर दोघांच्या मागे भुणभुण लावली तेव्हा कुठं हो म्हणाले.

तुळई चढवली तेव्हा दोघांनी एकेक टोक धरलं होतं. "दादा, जरा वर घे की!" "अरे, तू आधी तुझा पाय सांभाळ!" हसत होते मेले. मिस्त्रींनी लाकडी खुंट्या ठोकून सगळं पक्कं केलं. मला वाटलं, जमलं बाई एकदाचं.

मग निघालं पाण्याचं. मागे शेजाऱ्यांची भिंत चिकटून, म्हणून छपराची पन्हळ याच्या नाहीतर त्याच्या कडेलाच उतरवावी लागणार. थोरला म्हणाला, माझ्या भिंतीला ओल येईल. धाकटा म्हणाला, माझी स्कूटर तिथं असते. मी म्हटलं, "मग दोन्हीकडे उतरवा, अडलंय कुठं?" पण तोवर पाण्याचं काही राहिलंच नव्हतं. ह्यांच्या आजारपणात उशाशी कोण बसलं, इथवर गाडी गेली. मी ओरडले, रडले, एक दिवस जेवले नाही. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी ठरलं काय, तर अंगणात मधून भिंत. आणि तुळई कापायची.

आज मिस्त्री आले. कापल्यावर दोन्ही बाजू खाली येऊ नयेत म्हणून त्यांनी मधे दोन नवे खांब उभे केले, एक याचा, एक त्याचा. त्या दोन खांबांच्या मधे करवत चालवायची. टेप लावला, तर थोरल्याचा मध्य एकीकडे आणि धाकट्याचा बोटभर पलीकडे. झालं, पुन्हा जुंपली.

"आईलाच विचारा," धाकटा म्हणाला.

"हो, आई दाखवेल तिथं," थोरला म्हणाला.

आठ दिवसांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

"मला नका रे यात ओढू," मी म्हटलं. तर दोघंही माझ्यावरच चिडले. "मग काय, आम्ही असंच भांडत बसू?"

मिस्त्रींनी स्टूल ठेवलं, हाताला धरून मला वर चढवलं. मी अंदाजानं मधोमध तळवा टेकवला. लाकूड उन्हानं कोमट झालं होतं. खाली दोघं माझ्या हाताकडे बघत उभे होते. मला हात उचलवेना.

"आई, हात काढा आता," मिस्त्री हळूच म्हणाले. "रेघ मारायची आहे."