कॉर्डोबाची किल्ली

हॅमिल्टनच्या कम्युनिटी हॉलमध्ये त्या रविवारी खुर्च्या साठ होत्या आणि माणसं त्र्याहत्तर. स्टेजवर समया दोन, माइक एक, मखमलीवर वीतभर लांब लोखंडी किल्ली एक. माझ्या नीलिमाआत्याच्या खुर्चीखाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्या चार.

"ही कॉर्डोबाच्या ज्यू हकिमाची किल्ली!" मेलबर्नहून आलेले विश्वनाथगुरुजी गरजले. "हजार वर्षांपूर्वी स्पेनात खलिफांचं राज्य. खलिफाची साखर या हकिमाने नुसत्या संकल्पाने उतरवली. गेल्या जन्मी तो हकीम कोण होता, ते मी सांगणार नाही. किल्लीच मला शोधत आली!"

"कळलं, गुरुजी!" मागून कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

रोग गेला की किल्ली कूस बदलते म्हणे. मागच्या आठवड्यात ती आमच्या घरी आत्याच्या नावाने उलटली आणि आत्याने इन्सुलिन सोडलं. आत्ता गुरुजींनी पुन्हा तिचं नाव घेतलं. किल्ली तळहातावर आडवी ठेवली, कुलपात फिरणारा टोकाचा दाता वर. किल्ली हळूच उलटली.

"नीलिमाताई, सुया कचऱ्यात!"

आत्या रडत हात जोडत होती. माझे बाबा, जगदीश, माइक धरून उभे होते. दूध कारखान्यात तापमानाचे सेन्सर तपासणारा हा माणूस दुसरं रीडिंग घेतल्याशिवाय सही करत नाही. मला वर बघवेना.

"पेणकरताई, किल्ली तुमच्याच पूर्वजांची. दोन शब्द बोला ना," बाबा म्हणाले.

सिपोरामावशी पेणकर इथल्या शाळेत इतिहास शिकवतात. कोकणातल्या मराठी ज्यू. म्हणून बाबांनी त्यांना साक्षीदारासारखं पहिल्या रांगेत बसवलेलं.

"माझे पूर्वज कुलाबा जिल्ह्यात तेलाचा घाणा चालवायचे हो," त्या उठून म्हणाल्या. "शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. कॉर्डोबा मी पुस्तकातच पाहिलंय. पण तिथल्या ज्यूंचं एक सांगते. ते वेगळा कर भरून, राज्यकर्त्यांची मर्जी सांभाळून राहायचे. त्यातले काही दरबारी हकीम झाले, ते अरबी ग्रंथ वाचून, औषधं अभ्यासून. औषध चुकलं तर सगळ्या वस्तीवर बालंट येण्याची भीती. असा माणूस रोग्याचं औषध सोडवेल? त्यांच्या नावावर हे खपवायला मला इथे बसवलंत, जगदीशभाऊ?"

बाबांच्या हातातला माइक खाली आला.

मी स्टेजवर चढले.

"सुमेधा, खाली बस."

"बाबा, दुसरं रीडिंग घ्यायचंय."

समोसे आणलेल्या आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण मी टेबलावर ठेवलं. त्यावर मखमलीवरची किल्ली आडवी, दाता वर, दोन्ही टोकं कडेबाहेर. समोर एक समोसा ठेवला. "हा रुग्ण."

"श्रद्धेशिवाय ती हलणार नाही," गुरुजी म्हणाले.

झाकणाची मागची कड मी बोटाने जराशी उचलली. किल्ली हळूच उलटली.

"समोसा बरा झाला!" मागचा तोच आवाज. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

"दांडा गोल, दाता एका बाजूला जड," मी म्हणाले. "हात बोटांकडे किंचित झुकला की दाता खाली येतो. झुकणं इतकं कमी की दिसत नाही. कोणीही करून बघा. मानायचं ते बघून माना."

पाच-सहा जणांनी केलं. प्रत्येकाची किल्ली उलटली. बघणारे एकमेकांची नजर चुकवत होते. गुरुजी मखमलीची घडी घालू लागले.

"पण मला बरं वाटतंय गं," आत्या म्हणाली. ओठ कोरडे, पाचवी बाटली हातात. "तहान तेवढी फार."

बाबा तिच्यासमोर खाली बसले. तिच्या पर्समधून साखर मोजायचं मीटर त्यांनीच काढलं. पट्टी बसवली.

"मीच त्यांना घरी आणलं, नीलू," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "हात दे."

इन्सुलिन चालू असताना तिची साखर इथल्या मापात सात-आठ, म्हणजे आपल्याकडची एकशे तीस-चाळीस, असायची. बाबांनी तिचं बोट टोचलं. मीटरवर आकडा आला. सव्वीस पूर्णांक चार.