सोमवारची बोली

पहिली कॅसेट हातची गेली तेव्हा श्रीदेवीला भर बाजारात कुणी आपल्याला फसवल्यासारखं वाटलं. खरं तर फसवणूक काहीच नव्हती. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका वेबसाइटवरचा तो लिलाव. वेळ ठरलेली, आणि वेळ संपताना जो सगळ्यांच्या वर असेल त्याला वस्तू, हे पहिल्याच ओळीत लिहिलेलं. श्रीदेवी सकाळपासून वर होती. कुणी चढलं की तीही चढायची, ते पुन्हा चढले की ही पुन्हा. शेवटचं मिनिट सरत आलं तशी तिनं स्वयंपाकघरातल्या सासूला, "मिळाली हो अत्ती," असं म्हणूनही टाकलं. तेवढ्यात दिवसभर कुठेच नसलेला 'जुनीफीत' नावाचा कुणी आला, त्यानं एकच आकडा टाकला, आणि घड्याळ संपलं.

ती कॅसेट होती मैंदर्गीच्या महिला भजनी मंडळाची. त्या बायका एकदाच सोलापुरात येऊन एका छोट्या कंपनीत गायल्या होत्या. ती कंपनी केव्हाच बंद पडली. मुख्य गाणाऱ्या मथुराबाई म्हणजे श्रीदेवीच्या सासूच्या, गिरिजाबाईंच्या, सख्ख्या थोरल्या बहीण. त्या गेल्या तेव्हा घरात आवाज धरून ठेवील असा फोन कुणाकडे नव्हता. घरातल्या कॅसेटची फीत टेपमध्ये गुंतून तुटली होती आणि मैंदर्गीतली ट्रंकेत भिजली. मथुराबाईंचे फोटो होते, लुगडी होती, हातचे टाळ होते. आवाज मात्र कुठेच उरला नव्हता.

वेबसाइटवर कॅसेट सापडली ती मथुराबाईंच्या मुलाला, महेश्वरला. तो श्रीपूरच्या साखर कारखान्यात. गळीत हंगाम ऐन भरात, त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. त्यानं कव्हरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "वहिनी, एवढं तुम्ही बघा. आईचा आवाज आहे." फोटोत मथुराबाई मधोमध, टाळ घेऊन. अगदी कडेला तरुणपणीच्या गिरिजाबाई, कॅमेऱ्याकडे न बघता कुणाकडे तरी वळून हसत असलेल्या.

त्या रात्री श्रीदेवी ताटावर बसून नुसती चिडत राहिली. हा कुठला न्याय, माणसानं दिवसभर लपून बसायचं आणि शेवटच्या क्षणी येऊन पुढ्यातलं उचलून न्यायचं. तिचा नवरा गुरु म्हणाला की साइटनं हे असलं बंदच करायला हवं. गिरिजाबाई भाकरी मोडत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्यानं काय केलं रं? गप राहिला, येवढंच की."

"शेवटी आला ना, अत्ती," श्रीदेवी म्हणाली. सासूला अत्ती म्हणायची रीत त्यांच्याकडे मैंदर्गीतूनच आलेली.

"येळ संपायच्या आधी आला न्हवं? मग येळेतच आला म्हणायचं."

त्याच विक्रेत्याकडे आणखी एक प्रत होती. गुरुनं त्याला लिहून पाहिलं की आम्हांला सरळ विकत द्या. त्यानं नम्रपणे कळवलं, मी सगळं लिलावातच देतो, दुसरी प्रतही लावली आहे, सोमवारी सकाळी संपेल. सोमवार म्हटल्यावर गुरु आणि श्रीदेवीनं एकमेकांकडे पाहिलं. सोमवारी सकाळी गिरिजाबाई बोलत नसत. अंघोळ झाल्यापासून पूजा पुरी होऊन तीर्थ घेईपर्यंत मौन. मथुराबाई गेल्या त्या वर्षापासून हे व्रत चालू होतं. ताप असो, पाहुणे असोत, सोलापुरातली गड्ड्याची जत्रा असो, त्यात कधी खंड नव्हता. गल्लीतली दूधवालीसुद्धा सोमवारी त्यांना नुसती मान हलवून जायची.

मग त्या आठवड्यात श्रीदेवीनं एक नवल पाहिलं. ती शोरूममधल्या कामावरून घरी आली की अत्ती चष्मा लावून तिच्यासाठी थांबलेल्या असत. फोन मागायच्या आणि विचारायच्या, आज काय संपतंय? मग दोघी जणी लोकांच्या लिलावांचे शेवट बघत बसायच्या. पितळी कुलपं, जुना टेबलफॅन, तिकिटांचा अल्बम, कुणाच्या तरी घरची रॉकेलची बत्ती. अत्तींना वस्तूंशी कर्तव्य नव्हतं, त्या माणसं बघत होत्या. एक जण दर थोड्या वेळानं पाच-दहा रुपयांनी चढत होता, त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "ह्याला पंगतीत बसवत न्हाय. वाढायच्या आधीच हात पुढं." दुसरा एकदम मोठा आकडा टाकून सकाळीच मोकळा झाला, आणि संध्याकाळपर्यंत चार जणांनी त्याच्या मागे लागून भाव वर नेला. "ह्यानं आपली इच्छा दारात टांगली," अत्ती म्हणाल्या. आणि अगदी शेवटी गुपचूप येणारा कुणी दिसला की त्यांचा चेहरा उजळायचा. "ह्याला उपास कळतो बघ."

एकदा श्रीदेवीनं न राहवून विचारलं, त्यात उपासाचं काय आलं?

अत्तींनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "भूक तर सकाळपासनंच आसती की. ती समद्यांना दाखवत फिरायची का नाय, ते आपल्या हातात."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, अत्तींचे उपास, मौन, रोजची पूजा हे सगळं श्रीदेवीनं आदरानं पाहिलं होतं, पण लांबून, देवळाच्या कळसाकडे बघावं तसं. ही एवढी पक्की बुद्धी त्याच्या पोटात असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

साइटची एक सोय अत्तींनी पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतली. आपला वरचा आकडा आपण एकदाच सांगायचा. साइट तो कुणाला दाखवत नाही. समोरचा चढेल तेवढंच आपल्या वतीनं चढते, आणि आपला आकडा आला की थांबते. हे ऐकून त्या म्हणाल्या, म्हणजे संकल्पच की हा. संकल्प एकदा सोडायचा. शेजारीण काय सोडते ते बघून आपला वाढवायचा नसतो. शिवाय त्यांच्या ध्यानात आलं होतं की बटण दाबल्यावर फोन लगेच पुढे सरकत नाही, एक श्वास घेतो. तो श्वास धरून थोडं आधी दाबायला हवं. मग त्या एका फुटक्या अत्तरदाणीच्या लिलावाचा शेवट बघत नुसत्या हवेत बोट दाबून बघायच्या आणि स्वतःशीच हसायच्या.

रविवारी संध्याकाळी त्यांनी आकडा सांगितला. दसऱ्याला घ्यायची राहिलेली इरकल साडी होती, तिच्यासाठी ठेवलेले दोन हजार, आणि वर एक रुपया.

गुरु आईकडे बघून हसला. "अव्वा, तितं काय आहेराचं पाकीट द्यायचंय का? वर रुपया कशाला?"

"आहेरच हाय," त्या म्हणाल्या. "अक्काला घरी आणायचं, ते शून्यावर थांबून आणू व्हय?"

श्रीदेवीनं तो आकडा फोनमध्ये भरून ठेवला, नुसतं बटण दाबायचं राहिलं. पण तिला राहवेना. गेल्या खेपेसारखं झालं तर? निदान आता पहिली बोली तरी लावून ठेवू का, असं तिनं विचारलं. अत्तींनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "सुम्न कूड," त्या म्हणाल्या. म्हणजे गप बस. माहेरची कानडी त्यांच्या बोलण्यात अशी अधूनमधून यायची, आणि ती आली की त्या शब्दापुढे कुणी काही बोलत नसे. मग त्यांनी उद्याचं ठरवून दिलं. त्या पूजेला बसतील, श्रीदेवीनं फोन घेऊन समोर बसायचं. शेवटचं बेलाचं पान त्या हातात घेतील आणि वाहतील. पान वाहिलं की दाबायचं. काही विचारायचं नाही, कारण उत्तर मिळणार नाही.

सोमवारी सकाळी घरात उदबत्तीचा वास आणि कुकरची शिट्टी एकदमच सुरू झाली. गुरु कामावर न जाता दारात उभा होता. अत्ती चटईवर बसल्या, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं आणि उजव्या हातानं हळूहळू पाणी घालू लागल्या. समोर श्रीदेवी, मांडीवर फोन. पडद्यावर कॅसेटचं कव्हर, त्याखाली उतरणारं घड्याळ आणि सातशे-साडेसातशेच्या आसपास घुटमळणारा भाव. जुनीफीतचं नाव कुठेच नव्हतं. तो असणार, कुठल्या तरी घरात असाच गप बसलेला असणार, हे आता श्रीदेवीलाही कळत होतं, आणि तिच्या मनात त्याच्याविषयीचा राग जवळजवळ उरला नव्हता.

पाणी झालं, विभूती झाली, फुलं झाली. अत्तींची घाई नव्हती आणि रेंगाळणंही नव्हतं. रोजची पूजा जशी चालायची तशीच चालली होती. फक्त डोळे मधूनच अर्धे उघडून त्या पडद्याकडे बघत आणि पुन्हा मिटत. घड्याळाचं शेवटचं मिनिट लागलं. अत्तींनी बेलाचं पान उचललं. श्रीदेवीचा अंगठा बटणावर आला.

आणि फोन वाजला.

सगळा पडदा झाकून महेश्वरचं नाव आलं. तिकडे श्रीपूरला त्याला धीर धरवला नव्हता. कॅसेट, घड्याळ, बटण सगळं त्या नावामागे गेलं. उचलावा की तोडावा हेही श्रीदेवीला सुचेना, घाईत अंगठा भलतीकडेच घसरला आणि रिंग वाजतच राहिली. दारातून गुरु काही बोलायला गेला आणि मौनाच्या सवयीनं त्यानं आपल्याच तोंडावर हात ठेवला.

अत्तींचा डावा हात लिंगासकट जसा होता तसाच राहिला. पाण्याचा थेंबही हलला नाही. त्यांनी पान लिंगावर वाहिलं, तोच उजवा हात पुढे केला, बोटानं महेश्वरला बाजूला सारलं, आणि खालून पडदा वर आल्याबरोबर बटण दाबलं. काचेवर विभूतीचा पांढरा ठसा उमटला. त्यांनी हात मागे घेतला, डोळे मिटले आणि जपाला लागल्या. फोननं श्वास घेतला. घड्याळ संपलं.

श्रीदेवीनं पदरानं ठसा पुसावा की नको असं करत तसंच वाचलं. कॅसेट त्यांची होती. खाली बोल्यांची यादी आली. अगदी शेवटी, त्यांच्या आधी काही क्षण, जुनीफीत आला होता. त्याचा आकडा होता दोन हजार. त्याच्या वर यांचा, दोन हजार एक.

तिला ओरडावंसं वाटलं. पण समोर अत्ती तशाच बसलेल्या, ओठ मिटलेले, चेहऱ्यावर रोजच्या सोमवारइतकीच शांतता. श्रीदेवी उठली, मागच्या दारी गेली आणि तुळशीजवळ उभी राहून मनसोक्त रडली. महेश्वरला गुरुनं कळवलं. त्याचं उत्तर आलं ते नुसते हात जोडलेले, ओळीनं.

तीर्थ घेऊन अत्ती बोलत्या झाल्या, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "त्याला लई वाईट वाटलं आसंल." मग थोड्या वेळानं, "एक रुपयानं गेलं बिचाऱ्याचं. पण त्याच्याकडं पैली हाय की."

पार्सल आलं, आणि त्या रविवारी महेश्वर सुट्टी काढून आला. कॅसेट आली तरी वाजवायची कशावर हा प्रश्न होता. चौकापलीकडे इसूफभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. ते स्वतःच एक टेप घेऊन घरी आले. एवढ्या वर्षांची फीत एकदम लावायची नाही म्हणाले, आणि ती आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत हलक्या हातानं फिरवून घेतली. महेश्वर टेपच्या अगदी जवळ, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. अत्ती भिंतीला टेकून.

इसूफभाईंनी बटण दाबलं. आधी नुसती खरखर. कुणीतरी खुर्ची ओढली. टाळ एकदा चुकून वाजला. आणि भजन सुरू होण्याआधीच एक पोरसवदा आवाज भरभरून काही तरी सांगू लागला. अर्धं कानडी, अर्धं मराठी, मध्येच स्वतःच्याच बोलण्यावर फिसकन हसणं. गुरु गोंधळून सगळ्यांकडे बघू लागला. ही कोण एवढी बडबडी? श्रीदेवीच्या डोळ्यांपुढे कव्हरवरचा तो कडेचा चेहरा आला.

मग दुसरा आवाज आला. भरदार, मायेनं वैतागलेला.

"गिरिजा, सुम्न कूड."

हसणं थांबलं. टाळ वाजले, आणि मथुराबाई गाऊ लागल्या.

महेश्वरनं तोंड गुडघ्यांत घातलं. श्रीदेवी मात्र सासूकडे बघत होती. मथुराबाई गेल्या त्या वर्षापासूनचं मौन. घरात सगळ्यांनी त्याला व्रत म्हटलं, तिनंही म्हटलं होतं, आणि व्रत तर ते होतंच. पण गप बस म्हणणारं कुणी उरलं नाही म्हणून बाईनं आठवड्यातून एक सकाळ स्वतःच स्वतःला गप बसवलं होतं, हे तिला आत्ता समजलं. नमस्कार करावा असं तिला वाटलं. पण भजनाच्या मध्येच कुणी उठलेलं अत्ती खपवून घेणार नाहीत म्हणून ती जागची हलली नाही.

भजन संपलं. इसूफभाईंनी विचारलं, "दुसरी बाजू लावू का, अम्मा?"

अत्तींनी मान हलवून नाही म्हटलं. "हीच लावा," त्या म्हणाल्या. "सुरुवातीपासनं. गाण्याच्या आधीचं."

फीत मागे फिरू लागली. त्यांनी पदर सारखा केला, मांडी नीट घातली आणि हात जुळवून अगदी गप बसल्या.