एका पायाचा कोल्हा

आमच्या कामातली एक गोष्ट आधीच सांगते, मग खुशाल नावं ठेवा. शहरातली मुलं जंगल बघायला येतात, त्या दिवशी जंगलातली जनावरं काही हजेरी लावायला येत नाहीत. म्हणून आम्ही सकाळीच ओढ्याकाठच्या चिखलात लाकडी ठशाने एखादं पाऊल उठवून ठेवतो. मुलांना दाखवायचं, बघा, कोल्ह्याचं पाऊल असं असतं. मुलं बघतात, नाक मुरडतात आणि इथे नेटवर्क कुठे मिळतं ते विचारतात.

त्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका जातीने आल्या होत्या. या सहली चालू ठेवायच्या की बंद करायच्या, हे त्या डोळ्यांनी बघून ठरवणार होत्या. बंद झाल्या, की मला माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, ऑफिसात बसून दिवसभर लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकाव्या लागणार होत्या. मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही, हे ताई सोडून सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिराला, मी बजावलं होतं की आज जरा नीट करा. आम्ही दोघं मिळूनच हे काम करतो आणि ठसा त्यांनीच कोरलाय. पण भाऊजींना नीट म्हणजे भरपूर असं वाटतं. त्यांनी ओढ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलांची रांगच उठवून ठेवली.

मुलं निघाली की मागावर. नेटवर्कचं कुणी नाव काढेना. मी मनातल्या मनात खूश. तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी थांबली. हीच सकाळी बूट खराब होतील म्हणून बसमधून उतरत नव्हती. ती सरळ चिखलात गुडघे टेकून बसली.

"याला एकच पाय आहे," ती म्हणाली.

खरंच की. सगळी पावलं पुढच्या उजव्या पायाची. ठसाच एक, तर दुसरं काय उठणार? भाऊजी एका झाडाकडे असे बघत होते, जसं काही झाड आयुष्यात प्रथमच पाहिलं.

मग जो गोंधळ उडाला, विचारू नका. कुणी म्हणालं गाडीखाली आला असेल, कुणी म्हणालं उपाशी असेल, आणि त्याला शोधून डॉक्टरकडे न्यायचंच असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मुलं पोटावर झोपून झुडपांखाली शिरली. डबे उघडून बिळांपुढे ठेवले. मुख्याध्यापिकाबाईसुद्धा चष्मा सावरत चिखलात गुडघ्यांवर बसून पावलं तपासू लागल्या. भाऊजी हळूच म्हणाले, वहिनी, गप्प राहा, मस्त रंगलंय.

रंगलं होतंच. याच्यासाठी तर मी इतके दिवस घसा फोडत होते. मी गप्प राहिले असते तर माझं काम वाचलं असतं. पण ती वेण्यांची मुलगी एका बिळात तोंड घालून, ये ना, आम्ही तुला काही करणार नाही, असं रडवेल्या आवाजात सांगत होती. माझा जीव कळवळला.

"ती पावलं आम्हीच उठवलीत," मी म्हणाले. "लाकडाच्या ठशाने."

ती मुलगी बिळातून तोंड काढून उठली, कपाळापर्यंत चिखल. आता ही मला चांगलंच सुनावणार, असं मला वाटलं.

"म्हणजे त्याचे चारही पाय ठीक आहेत?"

"असणार गं."

ती मटकन खाली बसली आणि जिवात जीव आल्यासारखी हमसून हमसून रडली. मग मलाही आवरेना. मुलांदेखत, ताईच्या ऑफिसाची पायरी डोळ्यांसमोर दिसत असताना, मी रडले.

मुख्याध्यापिकाबाई गुडघ्यांचा चिखल झटकत उठल्या. कोल्हे पहाटे बाहेर पडतात हे खरं का, असं त्यांनी मला विचारलं. तसं म्हणतात, पण मी स्वतः इथे एकही पाहिलेला नाही, असं मी खरंखरं सांगून टाकलं.

"मलाही बघायचाय," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी बस पहाटेच आणते. आणि तुमच्या भाऊजींना त्या दिवशी उशिरापर्यंत झोपू द्या."